‘सिनेमा पॅराडिसो’ची लांब आवृत्ती आणि एलेनाची बाजू

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत ‘सिनेमा पॅराडिसो’ या इटालियन चित्रपटावर आलेला लेख वाचला. नाशिकमध्ये या चित्रपटाचा खेळ नुकताच झालेला असल्याने तो बऱ्याच जणांनी वाचला असणार, आणि लेख मनापासून लिहिलेला होता हेही नमूद करते. त्यातले एक विधान मात्र मला पटले नाही. लेखकाच्या मते या चित्रपटाची सुमारे दोन तासांची आवृत्ती तेवढी पाहावी आणि जवळजवळ तीन तासांच्या दिग्दर्शकीय आवृत्तीच्या फंदात पडू नये, कारण तिने आठवणींचा गोडवा नासतो. गोडवा कमी होतो हे खरेच आहे, आणि नेमक्या त्याच कारणासाठी ती आवृत्ती पाहिली पाहिजे असे माझे म्हणणे आहे.

आधी या दोन आवृत्त्यांची हकीकत सांगते, कारण लेखात ती एका ओळीत उरकली आहे आणि वाचकाचा असा समज होतो की मूळ चित्रपट दोन तासांचाच होता व दिग्दर्शकाने पुढे हौस म्हणून त्यात भर घातली. घडले ते उलटे. ज्युझेप्पे टोर्नाटोरे यांचा हा चित्रपट १९८८ मध्ये इटलीत लागला तेव्हा तो सुमारे १५५ मिनिटांचा होता आणि तिथल्या प्रेक्षकांनी त्याकडे जवळजवळ पाठ फिरवली. मग तो कापून सुमारे १२४ मिनिटांचा करण्यात आला. या छोट्या आवृत्तीला १९८९ मध्ये कान महोत्सवात परीक्षकांचा विशेष पुरस्कार मिळाला, पुढच्या वर्षी सर्वोत्कृष्ट परभाषिक चित्रपटाचे ऑस्कर मिळाले, आणि जगाने ज्याच्यावर प्रेम केले तो हाच चित्रपट. एलेनाची पुढची सगळी कहाणी जीत आहे ती सुमारे १७३ मिनिटांची आवृत्ती अमेरिकेतल्या चित्रपटगृहांत लागली ती २००२ मध्ये, म्हणजे तोवर एका पिढीच्या मनात छोटी आवृत्ती पक्की बसली होती. प्रथम जे पाहिले तेच खरे आणि नंतर आले ते उपरे, असे वाटणे स्वाभाविक आहे, पण तो न्याय नव्हे.

ज्यांनी चित्रपट पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात कथा अशी. रोममध्ये नावारूपाला आलेला साल्वातोरे हा दिग्दर्शक तीस वर्षांत आपल्या सिसिलीतल्या गावी फिरकलेला नाही. आल्फ्रेदो वारल्याचा निरोप आईकडून येतो आणि त्याला गावातली पॅराडिसो टॉकीज आठवू लागते. आल्फ्रेदो हा तिथला प्रोजेक्टर चालवणारा ऑपरेटर, आणि लहानगा तोतो, म्हणजेच साल्वातोरे, त्याच्या केबिनमध्ये सदा लुडबुडणारा. गावचा पाद्री चित्रपट आधी एकटा बसून पाहतो, पडद्यावर चुंबन आले की हातातली घंटा वाजवतो, आणि आल्फ्रेदो त्या जागी रिळात कागदाचा कपटा खोचून ठेवतो, म्हणजे नंतर तेवढा तुकडा कापता यावा. फिल्म पेट घेते तेव्हा आल्फ्रेदोची दृष्टी जाते आणि पोरसवदा तोतो नव्या पॅराडिसोचा ऑपरेटर होतो. तो एलेना नावाच्या मुलीच्या प्रेमात पडतो, ताटातूट होते, आणि आल्फ्रेदो त्याला बजावतो की गाव सोड, मागे वळून पाहू नकोस, आठवणीच्या मोहाला बळी पडून परत येऊ नकोस. शेवटी आल्फ्रेदोने मागे ठेवलेले रीळ साल्वातोरे रोममध्ये एकटा बसून पाहतो. त्यात सगळी कापलेली चुंबने एकापुढे एक जोडलेली असतात, मागे एनिओ मॉरिकोने यांचे संगीत वाजत असते, आणि थिएटरातले निम्मे लोक डोळे पुसत असतात. चुंबनांना लागणारी कात्री आपल्या प्रेक्षकाला समजावून सांगावी लागत नाही. दोन फुले एकमेकांवर टेकताना पाहून आपल्या दोन पिढ्या वाढल्या, आणि कथेची गरज असेल तर चुंबनाला हरकत घेऊ नये असे सुचवणारा, सेन्सॉरशिपचा विचार करणाऱ्या खोसला समितीचा अहवाल १९६९ मध्ये येऊनही पुढे कितीतरी वर्षे ती फुले डुलतच राहिली.

छोट्या आवृत्तीत एलेना एके दिवशी यायची असते, येत नाही, आणि विषय संपतो. तिचे काय झाले हे साल्वातोरेला कळत नाही आणि आपल्यालाही कळत नाही. तरुणपणी त्याने कॅमेऱ्याने टिपलेली तिची थोडीशी फिल्म तेवढी शिल्लक असते. म्हणजे ती अक्षरशः फिल्मवरच उरते, कायमची तरुण आणि न बोलणारी. ही मांडणी देखणी आहे, त्याबद्दल वाद नाही. पण यात आठवण आहे ती फक्त एका माणसाची, आणि ज्या बाईबद्दल ती आठवण आहे तिला स्वतःला काय आठवते हे कोणी विचारलेले नाही.

लांब आवृत्ती तिला विचारते. आल्फ्रेदोच्या अंत्यविधीसाठी गावी आलेल्या साल्वातोरेला एक तरुण मुलगी दिसते. ती हुबेहूब एलेनासारखी असते, आणि असणारच, कारण ती एलेनाचीच मुलगी आहे. तिच्या मागावर जाऊन तो एलेनापर्यंत पोहोचतो. एलेना आता पन्नाशीकडे झुकलेली, संसार झालेली बाई आहे (ब्रिजित फॉसे या अभिनेत्रीचे हे सगळे कामच छोट्या आवृत्तीतून गळाले होते), आणि तिचा नवरा म्हणजे शाळेत साध्या गुणाकारात अडकून गुरुजींचा मार खाणारा त्यांचाच वर्गमित्र, जो आता राजकारणात बस्तान बसवून आहे. या तपशिलावर प्रेक्षक हसतात, मलाही हसू आले. वर्गातला ढ मुलगा पुढे सर्वांच्या वर जाऊन बसतो, हे कळायला सिसिलीला जायची गरज नाही.

रात्री गाडीत बसून दोघे बोलतात तेव्हा उलगडते की त्या दिवशी एलेना आली होती. साल्वातोरे तिला शोधायला बाहेर पडलेला होता आणि केबिनमध्ये त्याच्या जागी आंधळा आल्फ्रेदो बसला होता. आल्फ्रेदोने तिला समजावले की या मुलाचे भले व्हायचे असेल तर तू दूर हो. ती गेली, पण जाताना तिथल्याच एका कागदामागे आपण कुठे भेटू शकू ते लिहून ठेवले. आल्फ्रेदोला ते दिसणे शक्य नव्हते आणि साल्वातोरेच्या नजरेला ते पडले नाही. ही गोष्ट कळल्यावर तो त्या मोडकळीला आलेल्या, पाडायला काढलेल्या टॉकीजच्या केबिनमध्ये जातो, धुळीने माखलेले जुने कागद एकेक करून उलटतो आणि तीस वर्षांपूर्वीचे ते अक्षर त्याच्या हाती लागते. संपूर्ण चित्रपटात मला हे दृश्य सर्वांत खरे वाटते. छोट्या आवृत्तीत केबिन म्हणजे बालपणाचे देवघर आहे. इथे त्याच केबिनमधल्या हिशेबाच्या कागदांत त्याच्या आयुष्याची चुकलेली वाट पडून होती, आणि ज्या माणसाला तो बापाच्या जागी मानत आला त्यानेच ती अडवली होती.

आपल्या लेखकाने याला ‘अनावश्यक खुलासा’ म्हटले आहे. मला विचारायचे आहे, अनावश्यक कोणाला? आपल्याकडे घरोघरी हा आल्फ्रेदो होऊन गेला आहे. कोणाचे पत्र परस्पर फाडले गेले, कोणाला ‘त्याच्या शिक्षणाच्या आड येऊ नकोस’ म्हणून गप्प बसवले गेले, कोणाचे स्थळ आठ दिवसांत पक्के करून टाकले गेले, आणि हे सगळे करणारी माणसे वाईट नव्हती, ती जिवाला जीव देणारी होती. मुलगा मोठा झाला की लोक म्हणतात, बघा, वडीलधाऱ्यांनी वेळीच लक्ष घातले म्हणून. त्या मुलीचे काय झाले हे त्या कौतुकात येत नाही. छोटी आवृत्ती आल्फ्रेदोला संतपद देऊन थांबते. लांब आवृत्ती त्याचे प्रेम जराही कमी न करता त्याच्या हातातली कात्री दाखवते: पाद्रीच्या घंटेवर चुंबने कापणाऱ्या माणसाने एकदा घंटा न वाजताही, स्वतःच्या मनाने, एक तुकडा कापला. एवढे समजल्यानंतर शेवटचे ते रीळ पाहिले की त्यातून वेगळेच काही हाती येते. पूर्वी ती भेट वाटत होती, आता त्या भेटीत थोडी परतफेडही दिसते.

आणि एलेना स्वतः काय म्हणते? ती आल्फ्रेदोला दूषण देत बसत नाही. तिच्या बोलण्याचा आशय असा की आपण एकत्र आलो असतो तर तुझे चित्रपट झाले नसते, आणि ते तिने पाहिलेले आहेत. साल्वातोरेला आता पुन्हा सुरुवात करायची आहे, ती त्याला नकार देते. तीस वर्षे जो आठवणीत जगला त्याला वाटते की मधला काळ पुसता येईल, पण जी रोजच्या संसारात जगली तिला माहीत आहे की तो पुसता येत नाही. आठवणीत रमणे ही काही अंशी फुरसतीची गोष्ट आहे, आणि ती फुरसत कोणाच्या वाट्याला येते हे चित्रपटाने इथे न सांगता सांगितले आहे.

हे मी जरा आग्रहाने लिहिते आहे त्याला नाशिकचेही कारण आहे. गेले काही महिने आपल्या दैनिकात शहरातल्या जुन्या टॉकीजच्या आठवणी छापून येत आहेत. मी त्या सगळ्या वाचते, काही कात्रणे जपूनही ठेवली आहेत. विजयानंद आणि सर्कल ही नावे नुसती वाचली तरी आमच्या वयाच्या माणसांना बरे वाटते. पण या आठवणी लिहिणारे जवळजवळ सगळे पुरुष आहेत, आणि त्यांच्या आठवणीतली टॉकीज ही शाळा बुडवून पिटात बसण्याची, डोअरकीपरशी ओळख काढण्याची, ब्लॅकवाल्याशी घासाघीस करण्याची आणि आवडत्या गाण्याला पडद्याच्या दिशेने चिल्लर फेकण्याची जागा आहे. ते सर्व खरे आहे. आम्ही बायकाही त्याच टॉकीजमध्ये जात होतो, मात्र आमची आठवण वेगळी आहे. लेडीज खिडकीपुढची रांग छोटी असे, याचा आम्हाला फायदा होता, आणि म्हणून घरातले पुरुष आम्हालाच तिकिटे काढायला पुढे करीत. माझी आई आणि शेजारच्या काकू बुधवारी बाजाराला म्हणून गंगेवर, म्हणजे गोदावरीकाठी, जात आणि भाजीच्या पिशव्या मांडीवर घेऊन मॅटिनी पाहून येत. मेथीच्या जुड्या तीन तासांत मलूल होत, मग घरी येताना त्यांवर नळाचे पाणी मारायचे, म्हणजे सासूबाईंना शंका येत नसे. रात्रीचा खेळ पाहायचा तर सोबत पुरुषमाणूस हवे. मागच्या रांगेतून येणारे शेरे ऐकून न ऐकल्यासारखे करायचे. बाकड्यांत ढेकूण होते, त्याबद्दल तर कोणीच लिहीत नाही, जणू ते बायकांनाच चावत होते.

टोर्नाटोरे यांनी छोट्या आवृत्तीतही टॉकीजला अगदीच सोवळे ठेवलेले नाही, हे इथे सांगायला हवे. बाल्कनीत बसणारा एक बडा गृहस्थ खालच्या लोकांवर बिनदिक्कत थुंकतो, आणि गावातला वेडा रात्रीच्या वेळी ‘चौक माझा आहे’ असे ओरडत सगळ्यांना हाकलतो. साल्वातोरे परततो तेव्हा चौकात मोटारी दाटलेल्या असतात, वेडा म्हातारा होऊन त्यांतून वाट काढत तेच म्हणत असतो, आणि पॅराडिसो पाडून तिथे वाहनतळ होणार असतो. रविवार कारंजावर गाडी लावायला जागा शोधणाऱ्या नाशिककराला यावर आणखी काही सांगण्याची गरज नाही.

चित्रपटाचे काय उरते आणि काय जाते, याची जाण खरे तर आपल्या जिल्ह्याला सर्वांत जास्त हवी. दादासाहेब फाळके त्र्यंबकेश्वरला १८७० मध्ये जन्मले आणि १९४४ मध्ये नाशिकलाच वारले, त्यांचे पुढचे कितीतरी चित्रपट याच शहरात तयार झाले. १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’च्या चार रिळांपैकी पहिले आणि शेवटचे एवढीच आज जपलेली आहेत, आणि तीही त्या चित्रपटाची की फाळके यांनीच १९१७ मध्ये पुन्हा केलेल्या आवृत्तीची, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. पॅराडिसोमध्ये जी पेटते तीच जात, चटकन पेट घेणारी जुनी नायट्रेटची फिल्म, आपल्याकडेही पेटली: जानेवारी २००३ मध्ये पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातल्या नायट्रेट भांडाराला आग लागून अनेक जुन्या चित्रपटांची रिळे गेली. ज्यांच्या पहिल्या चित्रपटाची मधली रिळेच नाहीत, त्यांनी एखाद्या चित्रपटाची कापलेली पन्नास मिनिटे सुदैवाने हाती आलेली असताना ती पाहू नका असे सांगावे, हे मला विचित्र वाटते. ‘शोले’चा मूळ शेवट, ज्यात ठाकूर गब्बरला मारतो, सेन्सॉरमुळे बदलावा लागला होता. तो मूळ शेवट असलेली पुनरुज्जीवित प्रत २०२५ मध्ये इटलीतल्याच बोलोन्या शहरात दाखवली गेली तेव्हा आपण सगळ्यांनी ती बातमी आनंदाने वाचली. तिथे कोणी गोडवा गेल्याची तक्रार केली नाही.

लांब आवृत्ती निर्दोष आहे असे मात्र मी म्हणणार नाही. गाडीतला प्रसंग फार रेंगाळतो. तिथे बोलण्याने जे साधले होते ते मिठीत विरून जाते, आणि दोघांची ती जवळीक मला तरी दिग्दर्शकाने साल्वातोरेची कीव येऊन दिलेली वाटली. तरुणपणीच्या प्रेमाचा मधला भाग ओढूनताणून लांबला आहे. छोट्या आवृत्तीत शेवटचे रीळ ज्या वेगाने आणि ज्या आघाताने येते तो आघात लांब आवृत्तीत थकून येतो, कारण तोवर प्रेक्षकही थकलेला असतो. कापणाऱ्यांनी व्यवसाय म्हणून योग्यच केले, ते कापले नसते तर आज या चित्रपटावर नाशिकमध्ये कोणी पत्रही लिहिले नसते. म्हणूनच माझे म्हणणे एवढेच आहे की आधी छोटी आवृत्ती पाहावी, रडून घ्यावे, आणि काही दिवसांनी लांब आवृत्ती पाहावी. क्रम उलटा झाला तर दोन्ही फुकट जातात.

यातून आपल्याकडे दोन विनंत्या आहेत. शहरात अशा चित्रपटाचा खेळ असेल तेव्हा आपल्या ‘आज नाशिकमध्ये’ सदरात आवृत्ती आणि मिनिटे दोन्ही छापावीत. परवाच्या खेळाला आलेल्या काही जणांना शेवटपर्यंत कळले नव्हते की आपण नेमके कोणते पाहिले, आणि बाहेर चहा पिताना एकजण एलेनाच्या नवऱ्याबद्दल बोलू लागला तेव्हा दुसऱ्याला वाटले की याला झोप लागली असावी. दुसरी विनंती जुन्या टॉकीजच्या सदराबद्दल. त्यासाठी बायकांच्या आठवणी मुद्दाम मागवाव्यात. त्या आपणहून लिहिणार नाहीत, ‘आमचे काय एवढे’ म्हणतील, तेव्हा कोणाला तरी घरी पाठवून विचारावे लागेल. ऑपरेटरांकडेही जावे, पण त्यांच्याकडून केवळ प्रोजेक्टरच्या दिव्यातल्या कार्बनच्या कांड्या आणि तुटलेली रिळे यांचे किस्से न घेता हेही विचारावे की मालकाच्या सांगण्यावरून त्यांनी कोणत्या चित्रपटातले काय काय कापले, लवकर खेळ सोडायचा म्हणून कोणती गाणी गाळली, आणि त्या तुकड्यांचे पुढे काय केले. ज्या शहरात फाळके यांनी स्वतः कात्री चालवली त्या शहरात याची नोंद असायला हवी.

पत्र लांबले आहे याची जाणीव आहे. जागेअभावी आपल्याला ते कापावे लागेल, त्याला माझी हरकत नाही. ढेकणांचे वाक्य काढले तरी चालेल, मेथीचेही काढा, पण एलेना काय म्हणते तो परिच्छेद तेवढा राहू द्यावा.

आपली नम्र,
एक वाचक, पंचवटी, नाशिक